वॉकर आडनावाचा अर्थ 'चालणारा' असा लावू नका

दप्तरी

इंग्लंडमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या वीस आडनावांत वॉकर येतं. मराठीत या आडनावाचा अर्थ विचारला की उत्तर ठरलेलं असतं: 'चालणारा'. थोडं वाचलेले लोक 'राजाच्या रानात फेरी मारणारा रखवालदार' असंही सांगतात. तसे रखवालदार होते आणि एखाद्या घराण्याचं नाव त्यावरून पडलंही असेल, पण बहुसंख्य वॉकरांचा चालण्याशी संबंध नाही. वॉकर म्हणजे मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड ओलं करून, तुडवून, दाट आणि घट्ट करणारा कारागीर.

गंमतीचा भाग असा की या एका धंद्यावरून इंग्लंडमध्ये तीन आडनावं पडली आणि ती नकाशावर वेगवेगळी पडतात. उत्तरेकडे आणि मधल्या भागात वॉकर, आग्नेयेला आणि ईस्ट अँग्लियात फुलर, नैर्ऋत्येला म्हणजे डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉलकडे टकर. चौदाव्या शतकाच्या शेवटी बायबलचं इंग्रजी भाषांतर झालं, त्यात मार्कच्या नवव्या अध्यायात येशूची वस्त्रं पांढरीशुभ्र होतात त्या जागी 'फुलर किंवा वॉकर' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या दोन्ही वाचकांना कळावं, हाच त्यामागचा हेतू दिसतो.

धाग्यात तीन गोष्टी याव्यात अशी इच्छा आहे: शब्द कुठून आला, हे काम नेमकं कसं चालायचं, आणि एखाद्या वॉकर घराण्याचं मूळ शोधायचं तर कागदपत्रं कोणती पाहायची. जाणकारांनी भर घालावी.

शब्दवेडी

शब्दाचं सांगते. जुन्या इंग्रजीत 'वेआल्कन' असं क्रियापद होतं. अर्थ लोळवणं, उलटसुलट करणं, घुसळणं. समुद्राच्या लाटांनाही ते वापरत. त्यावरून 'वेआल्केरे' म्हणजे कापड घट्ट करणारा. हा शब्द 1066 च्या नॉर्मन स्वारीच्या आधीचा आहे. 'पायी चालणं' हा अर्थ त्याच क्रियापदाला नंतर चिकटला आणि तेराव्या शतकाच्या सुमारास रुळला. म्हणजे क्रम उलटा आहे. कापडावर चालायचे म्हणून वॉकर, ही व्युत्पत्ती सगळीकडे दिली जाते, ऐकायला पटतेही, पण इंग्रजीत 'वॉक' म्हणजे चालणं असा अर्थ होण्याआधीच कापडवाल्याला वॉकर म्हणत होते.

जर्मन आणि डच भाषांनी जुना अर्थ सोडलाच नाही. तिथे 'वाल्कन' म्हणजे आजही कापड किंवा कातडं मळून घट्ट करणं, चालणं नाही.

फुलर लॅटिन 'फुल्लो'वरून आला. काही जुन्या इंग्रजीतून, काही फ्रेंचमधून. टकरचं मूळ 'तूकियन', म्हणजे छळणं, हाल करणं. कापडाचे हाल करणारा तो टकर. एकाला त्यातलं लोळवणं दिसलं, दुसऱ्याला बडवणं.

अनवट

प्रश्न आहे. मराठी बायबलमध्ये त्याच ओळीत 'परीट' शब्द आहे. मग फुलर म्हणजे परीट असं धरलं तर चुकलं का?

मागवाला

@अनवट, त्या ओळीपुरतं चुकत नाही, कारण तिथे कपडा उजळ करण्याचं वर्णन आहे. प्राचीन रोममधले फुलर लोकांचे वापरलेले कपडेही धुऊन द्यायचे. पॉम्पेईच्या उत्खननात त्यांच्या कार्यशाळा सापडल्या आहेत, पायाने तुडवायची कुंडं अजून दिसतात. पण इंग्लंडमधला वॉकर परीट नव्हता. परटाकडे वापरलेला कपडा येतो, वॉकरकडे नवा ताका यायचा, तोही अर्धवट तयार. विणकराकडून आलेलं लोकरीचं कापड विरळ, तेलकट आणि जाळीदार असतं, त्याच्यातून उजेड दिसतो. ते अंगावर घालण्याजोगं होतं ते वॉकरच्या हातून गेल्यावर.

आता काम सविस्तर.

सूत कातण्याआधी लोकरीला तेल किंवा लोणी चोळलेलं असतं, त्याशिवाय ती नीट विंचरली जात नाही. पहिलं काम ते तेल काढणं. त्यासाठी शिळं मूत्र वापरायचे. घरोघरी पिंपात साठवून आठवडाभर तरी मुरवलं की त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि तो तेलाशी मिळून साबणासारखं काम करतो. ताजं मूत्र चालत नाही, त्यात अमोनिया तयार झालेला नसतो. रोममध्ये व्हेस्पेसियन बादशहाने याच मुत्रावर कर बसवला होता.

धुतल्यानंतर ताका उजेडात आडवा धरून गाठी, काड्या, गवताचे काटे चिमट्याने वेचायचे. हे वेचणं राहिलं तर पुढे मार बसताना गाठीच्या जागी भोक पडतं.

मग मुख्य काम. डोणीत कापड घालून त्यावर मुलतानी माती कालवून ओतायची आणि तुडवायचं. आपल्याकडे जी तोंडाला लावतात तीच ही मुलतानी माती. तिचं इंग्रजी नावच 'फुलरची माती' असं आहे, ते या धंद्यावरून. ही माती उरलेलं तेल शोषून घेते. सरे परगण्यात नटफील्ड-रेडहिल, बेडफर्डशरमध्ये वोबर्न, सॉमरसेटमध्ये बाथजवळ तिच्या खाणी होत्या.

तुडवल्याने नेमकं काय होतं ते महत्त्वाचं. लोकरीच्या केसावर खवले असतात, सगळे टोकाच्या दिशेने झुकलेले. ओल, ऊब आणि घासणं एकत्र आलं की केस मुळाच्या दिशेने सरकतो, पण उलटा सरकू शकत नाही. खवले अडवतात. हजारो केस असे एकाच दिशेने सरकत एकमेकांत गुंतत जातात, कापड आकसतं, जाड होतं, विणीच्या जाळ्या बुजतात. हे उलटं फिरवता येत नाही. सुतीला किंवा तागाला खवले नाहीत, म्हणून सुती कापड कितीही तुडवलं तरी स्वच्छ होईल, घट्ट होणार नाही. वॉकर हे लोकरीच्या मुलखातलं आडनाव आहे ते यामुळे.

आकसणं थोडंथोडकं नसतं. उत्तम प्रतीचं 'ब्रॉडक्लॉथ' तयार रुंदीच्या दीडपट ते पावणेदोनपट रुंद विणावं लागे. त्यासाठी रुंद माग आणि त्यावर दोन विणकर, एकाने धोटा फेकायचा, दुसऱ्याने परत पाठवायचा.

मागवाला

वरच्या प्रतिसादात बिघाड राहिले.

पाणी जास्त झालं तर कापड तरंगतं, घासलं जात नाही आणि घट्ट होत नाही. कापड पूर्ण भिजेल इतकंच पाणी हवं. पाणी कमी पडलं तर माराने कापड तापतं, लोकर तुटते, विरते. घडी एकाच जागी राहिली तर तिथे वळी पडते आणि ती कायमची बसते, इस्त्रीने जात नाही. म्हणून ताका ठरावीक वेळाने बाहेर काढून, काठ धरून ओढून, घड्या बदलून परत घालायचा. ज्याने आळस केला त्याचा ताका पट्ट्यापट्ट्यांनी कमीजास्त आटायचा. आणि वेळेवर थांबलं नाही तर कापड फळीसारखं कडक होतं. थांबायचं कधी हे हाताला कळायचं. चिमटीत धरून वीण सरकते का पाहायचं, शिवाय काठापासून काठापर्यंत रुंदी मोजायची.

उंबरठा

तुडवणं हळूहळू यंत्राकडे गेलं, ते इथे यायला हवं. इंग्लंडमध्ये कापड कुटणाऱ्या पाणचक्क्यांचे जुने उल्लेख 1185 च्या टेम्पलर संघाच्या मालमत्तेच्या नोंदीत आहेत, एक यॉर्कशरमध्ये न्यूसम इथे आणि एक ग्लॉस्टरशरमध्ये बार्टन इथे. रचना अशी: पाणचाकाच्या आसावर आडवे खुंट. आस फिरला की खुंट लाकडी हातोड्याचा दांडा उचलतो आणि सोडतो. हातोडा डोणीतल्या कापडावर पडतो. दोन हातोडे आळीपाळीने. हातोड्याच्या तोंडाला पायऱ्या कापलेल्या असतात आणि डोणीचा तळ गोलाई दिलेला, त्यामुळे प्रत्येक घावाबरोबर कापडाचा गठ्ठा थोडा फिरतो आणि मार एकाच जागी बसत नाही. फक्त सपाट तोंडाचा हातोडा ठेवला असता तर तासाभरात भोक पडलं असतं.

चक्कीला वाहतं पाणी आणि उतार लागतो, म्हणून धंदा शहरातून डोंगराळ ओढ्यांकडे सरकला. गावांची नावं त्याची साक्ष देतात. उत्तरेत वॉकमिल, कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्नजवळ टकिंगमिल. वेल्श भाषेत अशा चक्कीला 'पांडी' म्हणतात, टोनीपांडी गावाच्या नावात तीच आहे. चक्की आली तरी कारागिराचं नाव वॉकरच राहिलं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर मात्र हे काम विसाव्या शतकापर्यंत हातांनी चाललं. लांब फळीभोवती बायका समोरासमोर बसत, ओलं ट्वीड फळीवर आपटत, घासत पुढच्या बाईकडे सरकवत, आणि ठेका धरायला गेलिक गाणी. आघाडीची बाई ओळ म्हणायची, बाकीच्या ध्रुपद धरायच्या. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखं काम आणि गाणं एकमेकांना बांधलेलं, फरक इतकाच की इथे सगळ्या जणींचा ठोका एकदम पडावा लागतो, नाहीतर कापड एका बाजूला ओढलं जातं.

कातरवेळ

वॉकरनंतर कापड कुठे जायचं ते सांगतो, कारण त्यातूनही आडनावं निघाली आहेत.

ओला ताका 'टेंटर' नावाच्या लाकडी चौकटीवर ताणून वाळवायचा. वर-खाली दोन लांब आडवे दांडे, त्यांना काटकोनात वळवलेले खिळे, काठ त्यांत अडकवायचे, खालचा दांडा खाली ओढून ताण द्यायचा. या वळवलेल्या खिळ्यांवरूनच 'ऑन टेंटरहुक्स' हा जीव टांगणीला लागण्याचा इंग्रजी वाक्प्रचार आला. लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये या चौकटी मांडायच्या मैदानाचं 'टेंटर ग्राउंड' हे नाव अजून टिकून आहे. (केंटमधल्या टेंटरडेन गावाचं नाव मात्र या चौकटीवरून नाही, ते थॅनेटच्या लोकांचं रानातलं कुरण या अर्थाचं आहे. ही चूक फार दिसते.)

फसवणूक इथेच व्हायची. कापड प्रमाणाबाहेर ताणून लांबी-रुंदी वाढवून विकायचं, पहिल्या पावसात भिजलं की गिऱ्हाइकाचा अंगरखा आखूड. कापडाच्या रुंदीचे कायदे त्यामुळे फार जुने आहेत. 1215 च्या मॅग्ना कार्टातही रंगीत कापड दोन्ही काठांच्या आत दोन एल (कापड मोजायचं जुनं माप) रुंद असावं असं कलम आहे.

वाळल्यावर लव उभी करायची, टीझल नावाच्या झाडाच्या वाळक्या बोंडांनी. बोंडाला बारीक, टोकाशी वाकलेले काटे असतात. ती चौकटीत ओळीने बसवून कापडावरून ओढायची. तारेच्या ब्रशपेक्षा बोंड चांगलं, कारण गाठ अडकली तर काटा मोडतो, कापड फाटत नाही. रानटी टीझलचे काटे सरळ असतात, ते चालत नाहीत, लागवडीचीच जात लागते. मग उभी राहिलेली लव भल्यामोठ्या कातरीने एकसारखी कापायची. ती कापणारा शिअरमन, त्याचं पुढे शर्मन झालं.

एक्सेटरमध्ये विणकर, फुलर आणि शिअरमन यांच्या संघाचं सभागृह आजही उभं आहे, बांधकाम 1471 चं. त्याचं नाव टकर्स हॉल. डेव्हनमध्ये असल्यामुळे टकर.

शब्दवेडी

@कातरवेळ, त्याच रांगेतली अजून काही: लोकर पिंजणारा टोझर (हेही डेव्हनचं), विणकर वेब, वेबर, वेबस्टर, रंगारी डायर, उत्तरेत लिस्टर. शेवटी 'स्टर' येतं ते प्रत्यय मुळात बाईच्या धंद्याचे होते, म्हणजे वेबस्टर आधी विणकरीण.

बाहेरच्या भाषांत वॉकरचे भाऊबंद: जर्मन वाल्कर आणि वेल्कर, फ्रेंच फुलाँ, डच फोल्डर, चेक वाल्खार्श. गेलिकमध्ये 'कापड तुडवणाऱ्याचा मुलगा' अशा अर्थाची आडनावं होती, ती स्कॉटलंडच्या इंग्रजी दप्तरात सरळ वॉकर झाली. त्यामुळे स्कॉटिश वॉकर म्हणजे मूळचा इंग्रजी भाषकच, असं समजू नये.

दप्तरी

आता कागदपत्रांकडे. वॉकर घराण्याचं मूळ शोधताना मी सांगेन तो क्रम असा.

आजच्या पिढीपासून मागे जायचं, मधली पिढी गाळायची नाही. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून, स्कॉटलंडमध्ये 1855 पासून. जनगणना 1841 पासून दर दहा वर्षांनी नावानिशी मिळते, 1921 पर्यंतची खुली आहे. 1931 ची इंग्लंड-वेल्सची जळाली आणि 1941 ला युद्धामुळे झालीच नाही, त्यामुळे ती शोधण्यात वेळ घालवू नका. 1881 ची सर्वांत उपयोगी, तिच्यावरून आडनावाचे परगणेवार नकाशे निघतात. सरकारी नोंदीच्या आधीच्या काळासाठी चर्चच्या नोंदवह्या, 1538 पासून, जिथे टिकल्या तिथे.

तीन जागी हमखास फसगत होते.

पहिली, वर्ष. 1752 पर्यंत इंग्लंडचं नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. नोंदीत 10 फेब्रुवारी 1700 असेल तर आपल्या हिशेबाने ते 1701. बाप्तिस्मा लग्नाआधीचा दिसतो तेव्हा आधी हे तपासा.

दुसरी, लॅटिन. न्यायालयाचं दप्तर 1733 पर्यंत लॅटिनमध्ये होतं आणि कारकून धंदा भाषांतर करून लिहायचा. 'फुल्लो' असं लिहिलेला माणूस यॉर्कशरमध्ये घरी वॉकर असेल, डेव्हनमध्ये टकर. तेव्हा कागद कुठल्या परगण्यातला आहे ते आधी बघायचं. शिवाय आडनाव वंशपरंपरागत होण्याआधी ते फक्त धंद्याचं बिरूद होतं. बाप वॉकर आणि मुलगा स्मिथ, हे चौदाव्या शतकात अगदी शक्य आहे, उत्तरेत त्यानंतरही.

तिसरी, शोधयंत्र. जुन्या सूची साउंडेक्स पद्धतीने लावलेल्या असतात, म्हणजे पहिलं अक्षर आणि मग उच्चारगटाचे तीन आकडे. वॉकरचा संकेत डब्ल्यू-426. पण वाचणाऱ्याने मधला 'एल' चुकून गाळला तर तो डब्ल्यू-260 होतो आणि माणूस यादीतून नाहीसा होतो. दोन्ही शोधा. टकर टी-260, जुनं लेखन टूकर असलं तरी तोच. फुलर एफ-460.

आणि एक अपवाद. न्यूकॅसलच्या पूर्वेला वॉकर नावाची वस्तीच आहे. ते नाव भिंतीजवळची दलदल या अर्थाचं, भिंत म्हणजे रोमन बादशहा हेड्रियनने बांधलेली. टाइन नदीकाठच्या एखाद्या घराण्याचं नाव त्या गावावरून असू शकतं. नावाआधी 'चा' या अर्थाचं 'डी' असेल तर गाव, 'ल' असेल तर धंदा, ही जुन्या नोंदीतली चांगली खूण.

अनवट

उच्चार वॉकर की वॉल्कर? वर्तमानपत्रात दोन्ही दिसतात.

शब्दवेडी

इंग्रजी नाव असेल तर वॉकर. 'ए' आणि 'के'च्या मधला 'एल' इंग्रजीने बोलण्यातून केव्हाच टाकला, टॉक, चॉक यांच्यासारखा. तेच लेखन जर्मन माणसाचं असेल तर मात्र वाल्कर लिहावं, तिथे 'एल' पुरा उच्चारतात.

उंबरठा

मराठी इतिहासात हे नाव एका ठिकाणी ठळक येतं. अलेक्झांडर वॉकर, 1802 पासून बडोद्याला गायकवाडांच्या दरबारात कंपनीचा रेसिडेंट. काठेवाडच्या संस्थानिकांनी गायकवाडांना द्यायची खंडणी 1807 च्या सुमारास ठरवून दिली, ती 'वॉकर सेटलमेंट'. हा स्कॉटिश होता, म्हणजे वर शब्दवेडी यांनी सांगितलेली गेलिक शक्यता त्याच्याही नावाला लागू पडू शकते.

बाकी हे नाव जगभर पसरलं. काड्यापेटीतली घासून पेटणारी काडी 1826 मध्ये करणारा स्टॉकटनचा जॉन वॉकर, 1820 मध्ये किल्मारनॉकला किराणा दुकान घालणारा, ज्याच्या नावाने व्हिस्की निघते तो दुसरा जॉन वॉकर. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वॉकरांचं मूळ शोधताना मात्र धंद्याचा अर्थ कामाचा नाही. तिथे हे नाव बहुतेक वेळा गुलामगिरीच्या काळातल्या मालकांच्या बाजूने आलेलं असतं, आणि 1870 च्या आधीच्या जनगणनेत गुलाम माणसांची नावंच लिहिलेली नाहीत. शोध मालकाच्या मृत्युपत्रात आणि मालमत्तेच्या यादीत करावा लागतो.

कापूसकोंडा

आपली घोंगडी पण अशीच तुडवून करतात का?

मागवाला

नाही. घोंगडीला चिंचोक्याची खळ लावून कडकपणा देतात, तो धुण्याने कमी होतो. वॉकरचा घट्टपणा धुण्याने जात नाही. जवळचं उदाहरण हवं असेल तर जेन. दख्खनी लोकरीचे थर पसरून, ओलं करून, गुंडाळून, दाबत-मळत करतात. क्रिया तीच, खवल्यांची. फरक इतकाच की जेन विणलेलं नसतं, वॉकरकडे विणलेलं यायचं.

ज्यांना ही क्रिया डोळ्यांनी पाहायची आहे त्यांनी छोटा नमुना करून बघा. शुद्ध लोकरीचा सैल विणलेला 20 बाय 20 सेंटिमीटरचा तुकडा. कापायच्या कडा आधी शिवून घ्या. मधोमध सुती दोऱ्याने 10 बाय 10 सेंटिमीटरचा चौकोन टाचा, मोठ्या टाक्यांनी. तुकडा भिजेल एवढंच 40 ते 45 अंशांचं पाणी, त्यात साधा किसलेला साबण, बोटांना बुळबुळीत लागेल इतका. फेस झाला तर साबण जास्त झाला, फेसात लोकर घसरते, घासली जात नाही. कपडे धुण्याचा सोडा घालू नका, तीव्र अल्कलीने लोकर पिवळी आणि खरखरीत होते. दोन्ही हातांनी मळा, दर पाच मिनिटांनी दिशा बदला आणि चौकोन मोजा. 8 सेंटिमीटरवर आला की कोमट पाण्यात खंगाळा. सुती दोरा आकसत नाही, त्यामुळे तोवर त्याचे टाके कापडावर सैल, कमानीसारखे उभे राहिलेले दिसतात.

कापूसकोंडा

वीस मिनिटं मळूनही चौकोन 10 चाच राहिला तर?

मागवाला

लेबल पाहा. 'सुपरवॉश' लिहिलं असेल तर त्या लोकरीचे खवले क्लोरीनने झिजवून वर राळेचा पातळ थर दिलेला असतो, ती कधीच आटणार नाही. लेबल नसेल तर एक धागा जाळून पाहा. लोकर केसासारखा वास देते आणि राख बोटांनी चुरडते. कडक काळा मणी राहिला तर तो ॲक्रिलिक किंवा दुसरा कृत्रिम धागा आहे. दोन्ही नसेल तर वीण फार घट्ट आहे, केसांना सरकायला जागाच नाही. सेंटिमीटरला चार-पाच धागे बसतील इतकी सैल वीण घेऊन परत करा.